बिस्त्रित्सा, निळ्या छपराची

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात विळा आला, मग लाटणं आलं, आणि या देशात आल्यावर रबरी हातमोजे आले. पेन मध्येच कधीतरी, सही करण्यापुरतं. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अंदाजानं देते. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागितलेली बरी. मला कोऱ्या कागदासमोरही लाज वाटते.

लिहायचं कारण एवढंच की या पैशांचा कुठेच कागद झाला नव्हता. घेताना झाला नाही, देतानाही झाला नाही. मी गेल्यावर कोणी म्हणू नये की झालंच नसेल.

आम्ही इंग्लंडात स्लाऊला राहत होतो तेव्हाची गोष्ट. माझे मालक तिथे एका रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होते. त्यांच्या व्हिसावर मी आले. मुलीला नागपूरला होस्टेलवर ठेवलं. मला सँडविचच्या फॅक्टरीत काम मिळालं. लांब पट्टा सरकत असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका. एक लोणी लावते, दुसरी काकडी ठेवते, तिसरी अंडं पसरते. आत फ्रिजसारखी थंडी. बोटं सुन्न झाली की काकडीची चकती हातात आहे का नाही तेही कळत नाही.

माझ्या शेजारी अंड्याला एक रोमानियन बाई होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची, पुढचा एक दात सोन्याचा. पहिल्या आठवड्यात माझा हात मागे पडला की ती स्वतःचं अंडं लावून माझी काकडीही ठेवून द्यायची आणि सुपरवायझर वळला की ओरडायची, "इंडिया! स्लीपिंग? नाइट टाइम हजबंड नो स्लीप?" सगळ्या हसायच्या. मी लाजून खाली बघायची. मग ती माझे हात तिच्या दोन हातांत धरून चोळायची, थंडीत आई लेकराचे चोळते तसे.

मी तिला ताई म्हणू लागले. ताई म्हणजे काय ते तिला समजावलं. तेव्हापासून ती मलाही ताईच म्हणायची. मी म्हटलं, मी लहान आहे, मला नाही म्हणायचं. ती म्हणाली, "यू ताई, मी ताई. फिनिश." शिफ्ट संपली, पट्टा थांबला, की ती हात झटकून मोठ्यानं म्हणायची, "गाता!" त्यांच्या भाषेत गाता म्हणजे झालं, संपलं. आम्ही सगळ्याच म्हणायला लागलो होतो. पंजाबी बायकासुद्धा.

जेवणाच्या सुट्टीत ती तिच्या गावाचं सांगायची. इंग्रजी तिचंही मोडकं आणि माझंही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. गावाचं नाव बिस्त्रित्सा. मी विचारलं, नदी आहे का? आहे. तिचं नाव? बिस्त्रित्सा. देऊळ? देऊळ म्हणजे मोठा मठ आहे, पांढऱ्या भिंतींचा, त्याची घंटा पहाटे वाजते. त्याचं नाव? ती हसून म्हणाली, "बिस्त्रित्सा. रोमानिया पुअर कंट्री, ताई. वन नेम, एव्हरीबडी यूज."

तिचा आजोबा नदीवर लाकडं वाहून न्यायचा. डोंगरात झाडं तोडायची, ओंडके एकमेकांना बांधून तराफा करायचा आणि त्यावर उभं राहून प्रवाहाबरोबर खाली जायचं. एकदा तो तराफा खडकावर फुटला आणि आजोबा सापडलाच नाही. पुढे वरच्या अंगाला धरण झालं आणि ते काम बंद पडलं. हे सगळं ती अंड्याचं सँडविच खात सांगायची आणि दर वेळी शेवटी म्हणायची, हे अंडं वाईट लावलंय, माझं नाही.

घरी तिची म्हातारी आई एकटी होती. छप्पर गळत होतं. ताईनं इथून एक मोठी निळी ताडपत्री गावी जाणाऱ्या व्हॅनमधून पाठवली होती. शेजाऱ्यानं ती छपरावर टाकून वर टायर ठेवले. फोनमध्ये तिनं मला फोटो दाखवला. डोंगराखाली लहानसं लाकडी घर आणि डोक्यावर निळं. "माय हाउस ब्लू हॅट," ती म्हणाली. उन्हाळ्यात नवे पत्रे घालायचे म्हणून ती पैसे साठवत होती. ताडपत्री एक हिवाळा टिकते, दुसरा टिकत नाही, असं तिचं म्हणणं.

तिचे वडील गेल्याला किती तरी वर्षं झाली होती. त्यांच्या दिवशी तिनं मला फॅक्टरीच्या बाहेर एक नवा मग दिला. त्यात एक मेणबत्ती, खाली टॉवेल, वर गोड पाव. मी थँक यू म्हणायला गेले तर तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, हे मी देत नाही, ते देतात. याला पोमाना म्हणतात. मेलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्याला द्यायचं म्हणजे त्याला तिकडे पोचतं. घेणाऱ्यानं थँक यू म्हणायचं नाही, बोग्दाप्रोस्ते म्हणायचं. मी दोनतीनदा चुकत चुकत म्हटलं. मला ते समजलं. आमच्याकडेही मयतानंतर पुण्यानुमोदन असतं, वंदना घेऊन लोकांना जेवू घालतात. म्हटलं, माणसं सगळीकडे सारखीच रडतात, मग सारखीच वाढतात.

मग मालक कामाला होते ते रेस्टॉरंट बंद पडलं. शेटनं विकून टाकलं आणि नव्या शेटला तंदूर नको होता. व्हिसा त्या नोकरीवर. ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी आणि दुसरा व्हिसा नाही झाला तर सामान बांधायचं. कार्डिफला एकानं ठेवून घ्यायचं कबूल केलं, पण व्हिसाची फी भरायला आमच्याकडे पुरे पैसे नव्हते. इथे येण्यासाठी एजंटला दिलेलेच अजून फिटले नव्हते. मालक दोन दिवस जेवले नाहीत. मी पट्ट्यावर काकडी ठेवत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला हात रिकामा नव्हता.

ताईनं विचारलं. मी सांगितलं. मी मागितले नव्हते. मागायला मला जमलंच नसतं. दुसऱ्या दिवशी लॉकरजवळ तिनं माझ्या एप्रनच्या खिशात पाकीट घातलं. दोन हजार पौंड. छपराचे.

"ताई, मदर हाउस..." मी म्हटलं.

"ब्लू हॅट स्ट्राँग," ती म्हणाली. "यू गिव्ह बॅक लेटर. समर, नो समर, लेटर." मी सही करून देते म्हटलं तर ती रागावली. "पेपर? वी पोलीस?"

आम्ही कार्डिफला आलो. मी एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले. चादरी, टॉवेल, चादरी. ताई दर रविवारी फोन करायची. मी दर वेळी पैशांचं काढायची, ती दर वेळी विषय बदलायची. एक दिवस फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी केला तर लागला नाही. वाटलं, पैसे दिले नाहीत म्हणून रागावली. मग मी धुवायला जास्त कपडे घेतले, जादा तास केले, आणि सहाशे पौंड जमले तसे कोचमध्ये बसून स्लाऊला गेले.

ती ज्या घरात खोली घेऊन राहायची तिथे नवीन माणसं होती. दार उघडणाऱ्या पोरीनं आधी मला घर साफ करायला आलेली बाई समजलं. मग आतून एक जुनी भाडेकरू आली, तीही रोमानियन. तिनं मला बसायला सांगितलं आणि मला कळलं.

डोक्यात रक्तस्राव. बाथरूममध्ये पडली. दवाखान्यात दोन दिवस होती. भाऊ इटलीतून आला, गाडीतून घेऊन गेला. त्याला सहा महिने होऊन गेले होते.

"कुठे नेलं?"

"बिस्त्रित्सा," ती म्हणाली.

भावाचा नंबर कुणाकडे नव्हता. फॅक्टरीत गेले तर एजन्सीची बाई म्हणाली, कामगारांची माहिती देता येत नाही. ती वाईट नव्हती, तिनं मला पाणी दिलं. आडनाव मला माहीत नव्हतं. बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव होतं, आणि ते त्यांच्या दर तिसऱ्या बाईचं असतं.

मी परत आले. मालकांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "चांगली होती बिचारी."

"पैसे तिच्या मायले द्या लागतीन," मी म्हटलं.

"कोन माय? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही."

"गाव माहीत आहे."

"अवं, मेलेलं मानूस पैसे मांगत नाही. आपल्या पोरीची फी राह्यली, एजंट रोज फोन करून राह्यला, अन् तू रोमानियाले मनीऑर्डर करून राह्यली!"

"तिच्या मायच्या घरात पानी गळतं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. मला भांडता येत नाही. मी फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणू शकते. ते उठून बाहेर गेले.

कार्डिफमध्ये एका मोकळ्या गाडीतळावर शनिवारी रोमानियाच्या व्हॅन येतात. माणसं आणि पार्सलं दोन्ही नेतात. मी तिथे गेले. पहिलाच ड्रायव्हर जाडा, हसऱ्या तोंडाचा होता. मी त्याला बिस्त्रित्सा म्हटलं.

"कोणती?" त्यानं विचारलं. "शहर?"

"नाही. खेडं. नदी, मठ, सगळ्यांचं नाव बिस्त्रित्सा."

त्याचा चेहरा उजळला. "मठ? पांढरा? घंटा? माझाच जिल्हा! वल्चा! घरी जाताना दर वेळी बघतो. डोंगराखाली, नदीकाठी." मलाही बरं वाटलं. डोंगर होता, नदी होती, घंटा होती. मी सांगितलं, म्हातारी एकटी राहते, मुलगी परदेशात वारली. "सापडेल," तो म्हणाला. "गाव लहान आहे."

आता मी काय केलं ते लिहिते. नुसतं पाकीट पाठवायला मला कसंतरी वाटलं. म्हटलं, मयत झालंय, त्यांच्या रीतीनं पाठवावं. मी नवा मग घेतला. आत मेणबत्ती घातली. सहाशे पौंड टॉवेलात गुंडाळून खाली ठेवले, वर गोड पाव. ताईनं मला दिलं होतं अगदी तसं. मला वाटलं, म्हातारीला कळेल की लेकीच्या मैत्रिणीला रीत माहीत आहे.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हरनं फोटो दाखवला. मठाच्या दरवाजाजवळ एक म्हातारी, काळा रुमाल, दोन्ही हातांत तो मग. ती रडली, तो म्हणाला. तिची मुलगी परदेशातच वारली होती. तिनं बोग्दाप्रोस्ते म्हटलं, टॉवेल उघडला, पैसे बघून तिथेच खाली बसली.

मी घरी येईपर्यंत आनंदात होते. मालकांना फोटो दाखवला. तेही बघत राहिले. फोटोत म्हातारीच्या मागे थोडं तिचं घर दिसत होतं, लाल कौलांचं, नवं कोरं.

"छप्पर तं झालं की वो," मालक म्हणाले.

मीही हो म्हणणार होते. मग फोटो पुन्हा जवळ धरला. छप्पर झालं तर कशानं झालं? छपराचे पैसे तर माझ्याकडे होते.

शनिवारी मी पुन्हा गाडीतळावर गेले. ड्रायव्हरला विचारलं, त्या बाईची मुलगी कुठे वारली? इंग्लंडला ना?

त्यानं आठवून सांगितलं. "स्पेन. स्ट्रॉबेरीच्या शेतात काम करायची."

मी तिथे सिमेंटच्या कठड्यावर बसले. तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तो म्हणाला, परत जाऊन मागू शकत नाही, बाई. तू मग दिलास, मेणबत्ती दिलीस, ती पोमाना झाली. तिच्या हाताला लागली तेव्हाच मेलेल्याला पोचली. तिनं त्यातले अर्धे त्याच दिवशी गावात वाटले, जेवण घातलं, तिच्या मुलीच्या नावानं. आता मागितलं तर लोक मला गावात उभं करणार नाहीत.

तिचं चुकलं नव्हतं. त्याचंही नाही. पाकिटात घालून दिले असते तर तिनं विचारलं तरी असतं की हे कुणाचे, कशाचे. मगात आलेल्याचं कोणी विचारत नाही.

आमच्या तालुक्यात दोन पिंपळगावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द. मी बुद्रुकची. माझी मावशी तिच्या सासरी वारली तेव्हा निरोप्या आमच्याऐवजी खुर्दला गेला, तिथे त्याच नावाच्या बाईची भावंडं होती. ती छाती बडवत मावशीच्या दारात आली, साडीचोळी घेऊन. मयत बघितलं आणि थबकली. आपली नाही. पण त्यांचं रडू लगेच थांबलं नाही. एकदा सुरू झालेलं ते आणखी थोडा वेळ चाललं. आणलेली साडी त्यांनी मावशीच्याच अंगावर घातली. परत नेत नाहीत म्हणाले. हे मला तेव्हा गाडीतळावर आठवलं. आधी आठवलं असतं तर मी निदान विचारलं असतं, अशी दुसरी बिस्त्रित्सा आहे का म्हणून.

घरी सांगितलं तेव्हा मालकांनी भांडं आपटलं. सहा महिन्यांचे जादा तास होते ते. ते म्हणाले, "झालं तं मंग. दान केलं समज तिच्या नावानं. फिटलं."

"दान झालं," मी म्हटलं. "कर्ज तसंच आहे."

त्या रात्री त्यांनी भाजी स्वतःच गरम करून घेतली. पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलले.

आमच्या भागात एक रोमानियन दुकान आहे. लोणची, खारवलेलं मांस, मोठाले पाव. मी कधी आत गेले नव्हते, बाहेरून जायची. आत जायचं धैर्य करायला मला तीन शनिवार लागले. काउंटरवरची बाई चष्मा लावून शब्दकोडं सोडवत होती. मी पाव घेतला आणि मग विचारलं.

ती म्हणाली, "बिस्त्रित्सा? कोणती म्हणून सांगू? जोरात वाहणारं स्वच्छ पाणी दिसलं की जुन्या लोकांनी त्याला तेच नाव दिलं. मग काठावरच्या गावाला, मग मठाला. वर उत्तरेला शहर आहे, त्याच्यातून बिस्त्रित्सा वाहते. खाली वल्चात एक. मोल्दोवाकडे एक, ती सगळ्यात मोठी. आणि मोल्दोवा म्हणशील तर ती नदीही आहे, मुलूखही आहे आणि शेजारचा देशही आहे." तिला यात मजा येत होती. "न्याम्त्स घे. नदी, किल्ला, मठ, जिल्हा, शहरं दोन. माझा नवरा प्यात्रा न्याम्त्सचा, माझी बहीण त्याचं घर शोधायला दुसऱ्या न्याम्त्सला जाऊन बसली होती."

मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला कशाला हवी?"

मी सांगितलं. मोडकंतोडकं, पाव छातीशी धरून. ती उठून काउंटरच्या बाहेर आली.

"काय सांगायची ती गावाचं? मठ सोडून. मठ सगळीकडे आहेत."

मी आठवत राहिले. सोन्याचा दात, निळी टोपी. मग म्हटलं, आजोबा नदीवर लाकडं न्यायचा. ओंडके बांधून, वर उभा राहून. बुडाला.

"तराफेवाला," ती म्हणाली. "वर धरण?"

"हो. धरण झाल्यावर काम बंद."

"मग ती मोल्दोवाकडची. न्याम्त्स जिल्ह्यातली." तिनं चष्मा काढला. "माझ्या नवऱ्याच्या गावापासून जवळ. तिथेही बिस्त्रित्सा नदी, बिस्त्रित्सा मठ आणि बिस्त्रित्सा गाव."

तिच्या ओळखीचा ड्रायव्हर त्या बाजूला जायचा. या वेळी मी काहीच पाठवलं नाही. आधी बघून ये म्हटलं, आणि फोटो फक्त छपराचा काढ. माणसाचा नको.

फोटो आला तेव्हा मी लाँड्रीत होते. डोंगराखालचं लाकडी घर. वर निळं. पण निळं आता फाटून पट्ट्या झाल्या होत्या. एक टायर खाली अंगणात पडला होता. ताडपत्री फाटली होती तिथे छप्पर आत बसलं होतं आणि भोक दिसत होतं, माणूस उतरेल एवढं. मी ओल्या चादरींवर बसून रडले. घर सापडलं म्हणून नाही. एक हिवाळा टिकते, दुसरा टिकत नाही असं ती म्हणाली होती, आणि दुसरा होऊन गेला होता.

ड्रायव्हरनं फोन लावून दिला. म्हातारी चूल असलेल्या एका खोलीत राहत होती, बाकीचं घर सोडलं होतं. तो इंग्रजीत सांगायचा, मी ऐकायची.

मी म्हटलं, तुमच्या मुलीनं मला दोन हजार पौंड दिले होते. छपराचे. मी देणार आहे.

ड्रायव्हरनं ते तिला सांगितलं. मग म्हातारी एकदम जोरात बोलायला लागली. ड्रायव्हर थांबत थांबत सांगत होता.

"ती म्हणते, मुलीनं फोनवर सांगितलं, पैसे एका इंडियन मैत्रिणीला दिलेत, परत येतील. हिनं म्हटलं, खोटं बोलतेस. कोण इंडियन? कुणा पुरुषाला दिलेस. ही म्हणाली, माझ्या डोक्यावर पाऊस पडतो आणि तू पुरुषाला पैसे देतेस. त्यानंतर... त्यानंतर ही फोन घेत नव्हती. मुलगी करायची, ही घेत नव्हती. मग भावाचा फोन आला, मेली म्हणून."

तो थांबला. म्हातारी अजून बोलत होती, पण आता हळू.

"ती विचारते, तू खरी आहेस का?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला. "आय ॲम ट्रू," मी म्हटलं.

रविवारी ताई मला फोन करायची आणि मी पैशांचं काढलं की विषय बदलायची, ते दिवस हेच होते. आई फोन उचलत नव्हती, हे तिनं मला एकदाही सांगितलं नाही. उलट विचारायची, तुझी पोरगी जेवते का नीट.

त्यानंतर मी जमेल तसे पाठवत गेले. पाकिटात, मगात नाही. वर ड्रायव्हरकडून लिहून घ्यायची की हे कर्जाचे आहेत. म्हातारीकडे बँक नाही, ड्रायव्हर हातात द्यायचा आणि फोन लावायचा. ती जास्त बोलायची नाही. फक्त मोजायची. पहिल्या पैशांत शेजाऱ्यानं चुलीच्या खोलीवर पत्रे टाकले.

ड्रायव्हरनं कधीतरी तिला वल्चाच्या त्या सहाशेंचं सांगितलं. तिनं निरोप पाठवला. तेही धर. तेही कुणाच्या तरी मुलीच्याच नावानं गेले. तेवढे कमी दे.

मालकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पाय बरं! ती सोता म्हनून राह्यली माफ. आता तरी आयक."

"नाही," मी म्हटलं.

"तू काय तिच्यापेक्षा शहानी हायेस?"

"तिच्या पोरीले खोटारडी म्हनलं ना तिनं. अर्धे पोचले तं अर्धीच खरी ठरंल."

ते ताट उचलून आत गेले. पुढच्या सोमवारी सकाळी कामावर जाताना त्यांनी फ्रिजवर नोटा ठेवल्या, त्यांच्या टिपच्या, तेलाचे डाग पडलेल्या. "घे, तुह्या बिस्त्रित्सेले," म्हणाले आणि बूट घालायला वाकले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचेही केस मागून पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

ताईचं दुसरं वर्ष झालं तेव्हा ड्रायव्हरनं येताना माझ्यासाठी पिशवी आणली. आत मातीचा मग, मेणबत्ती, हातानं विणलेला टॉवेल, आणि वाटेत वाळून दगड झालेला गोड पाव. पहिल्या वर्षी म्हातारीनं काही केलं नव्हतं, तो म्हणाला. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणाली होती, तिच्या नावानं मी काय वाटू? या वर्षी सगळ्या गल्लीला वाटलं, आणि एक मग बाजूला काढून ठेवला.

त्याच्या तोंडाकडे बघून मी थँक यू म्हणायला गेले. मग कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं झालं. "बोग्दाप्रोस्ते," मी म्हटलं. बरोबर म्हटलं असावं. त्यानं टोपी काढली.

शेवटचे पैसे मागच्या महिन्यात गेले. म्हातारी आता अंथरुणाला आहे. बाकीच्या घराचं छप्पर झालं, पण त्यात राहायला ती कधी जाणार नाही, हे तिला माहीत आहे, ड्रायव्हरलाही माहीत आहे. फोटोत पत्रे उन्हात चमकत होते. निळं कुठेच नव्हतं. फाटकी ताडपत्री घडी करून लाकडांच्या ढिगावर टाकलेली होती.

ड्रायव्हरनं फोन तिच्या कानाशी धरला असणार, कारण मला नोटांचा आवाज येत होता. ती एकेक मोजत होती, मध्ये थांबून, दम घेऊन, पुन्हा. मी लाँड्रीच्या मागच्या दारात उभी होते. मोजणं संपलं. मला वाटलं ती रडेल किंवा काही बोलेल.

"गाता," ती म्हणाली.

मीही म्हटलं, गाता. पूर्ण दोन हजार. एक पौंडही कमी नाही.